पाठीवरचा हात आणि आतला श्वास



राजेरजवाड्यांचा, लढायांचा इतिहास आपण शाळेत शिकलो. आज आम्ही तुम्हाला पाठीचा इतिहास सांगणार आहोत. पाठीला कसला आलाय इतिहास, असं तुम्ही म्हणाल. पण दुखऱ्या पाठीवर कुणी हात ठेवायचा, किती जोराने ठेवायचा, आणि जिची पाठ आहे तिला काही विचारायचं की नाही, यावर जगात दीडशे वर्षं वाद चालला आहे. त्या वादात खटले झाले, माणसं तुरुंगात गेली, कायदे झाले. आणि त्यात बायकांचा वाटा मोठा आहे. तो फारसा सांगितला जात नाही, म्हणून आज आम्ही तो सांगतो.

आपल्या बोलण्यात पाठ कितीदा येते ते आठवून बघा. कष्टाने कंबरडं मोडतं. कामाच्या रगाड्यात पाठ टेकायला सवड मिळत नाही. कुणी आधार दिला, की त्याने पाठीवर हात ठेवला असं आपण म्हणतो. हंडा उचलताना एकदम कळ निघाली, श्वास घेता येईना, की म्हणतो उसण भरली. मग पायाळू कोण आहे त्याची शोधाशोध होते. जन्मताना पायांकडून आलेल्या माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, हा समज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. या समजाला शास्त्राचा आधार नाही. पण उसण या शब्दात एक खरी गोष्ट दडलेली आहे. दुखणं असतं पाठीत आणि अडतो श्वास. या दोघांचं नातं आपल्या आज्यांना ठाऊक होतं.

ते नातं आधी समजून घेऊ. मानेत ७ मणके, पाठीत १२, कंबरेत ५, आणि त्यांच्याखाली माकडहाडापर्यंत एकमेकांत जुळून गेलेली हाडं, असा आपला कणा. पाठीच्या १२ मणक्यांना बरगड्यांच्या १२ जोड्या लागलेल्या असतात. श्वास घेतला की बरगड्या उचलल्या जातात आणि त्यांच्याबरोबर मणक्यांचे सांधेही किंचित हलतात. छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूचा एक घुमट असतो. श्वास घेताना तो खाली उतरतो, सोडताना वर चढतो. या घुमटाची मुळं थेट कंबरेच्या वरच्या मणक्यांना चिकटलेली असतात. म्हणजे प्रत्येक श्वासाला कण्यापर्यंत एक हलकी ओढ पोचते. मिनिटाला १५ श्वास धरले तर दिवसरात्रीत २१,६०० श्वास होतात. आपल्या हठयोगाच्या परंपरेतही नेमका हाच आकडा सांगितलेला आहे. आता भीतीने, घाईने किंवा दुखण्याने आपण श्वास वरच्या वर घेऊ लागलो, तर ही हालचाल आखडते. पाठीचे स्नायू राखणदारासारखे ताठ उभे राहतात. दुखतं म्हणून श्वास आखडतो, आणि श्वास आखडला म्हणून पाठ आणखी ताठते.

ही ताठलेली पाठ मोकळी करणारे हात सगळ्या मुलखांत होते. आपल्याकडे हाडवैद्य होते. बाळंतिणीची पाठ-कंबर चोळणारी, शेक देणारी सुईण होती. इंग्लंडमध्येही हाडं बसवणारी घराणी होती. तिथली सारा मॅप ही बाई अठराव्या शतकात भलतीच गाजली. बापाकडून शिकलेली, शिक्का-सनद काही नाही. लंडनजवळच्या एप्सम गावात ती हाडं बसवायची आणि ठरल्या दिवशी चार घोड्यांच्या गाडीतून लंडनला जायची. १७३६ साली हॉगार्थ या प्रसिद्ध चित्रकाराने डॉक्टरांची टर उडवणारं एक चित्र छापलं. त्यात सगळ्यांच्या वर, मधोमध, हातात हाड घेतलेली ही सारा आहे. लोक तिला ‘वेडी सॅली’ म्हणत. तिच्याकडे रांगा लावणारे आणि तिला वेडी म्हणणारे लोक एकाच शहरातले होते. पुढच्याच वर्षी ती गरिबीत मेली. हातात कसब असूनही नावाला मान नाही, हे या इतिहासात पुन्हा पुन्हा दिसतं.

आता आपण थेट एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत जाऊ. तिथे लागोपाठच्या दोन वर्षांत दोन गोष्टी घडल्या. एक श्वासाची, दुसरी पाठीची. पहिली फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून तीच आधी सांगतो.

त्या काळच्या वैद्यकाच्या पुस्तकांत असं लिहिलेलं असे, की पुरुष पोटाने श्वास घेतो आणि स्त्री छातीने, आणि हा निसर्गाचाच नियम आहे. स्त्री मुळातच नाजूक, तिचा श्वासही उथळ, असा त्याचा सूर. क्लीलिया मोशर नावाच्या तरुणीला हे पटेना. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ती शिकत होती. तिने स्त्रियांच्या श्वासाची मापं घेतली आणि १८९४ साली एम.ए.च्या प्रबंधात दाखवून दिलं, की स्त्रीचा श्वास जन्मतः वेगळा नसतो. फरक पडतो तो कपड्यांनी. तेव्हा तिकडच्या बायका कॉर्सेट घालत. कॉर्सेट म्हणजे कंबर बारीक दिसावी म्हणून दोऱ्यांनी आवळून बांधायची, कडक पट्ट्यांची चोळी. तिने खालच्या बरगड्या दाबल्या जात, श्वासपटलाला खाली उतरायला जागाच उरत नसे. मग श्वास वर छातीत चढणार नाही तर काय? कपडे सैल केले की स्त्रीही पोटापर्यंत श्वास घेते.

बघा, मैत्रिणींनो, केवढी मोठी गोष्ट आहे. निसर्गाने दिलेली म्हणून जी कमजोरी सांगितली जात होती, ती कपड्याच्या दोऱ्यांनी आणलेली निघाली. मोशर पुढे १९०० साली डॉक्टर झाली. पाळीच्या दिवसांत मुलींच्या पोटात-कंबरेत दुखतं त्यासाठी तिने एक साधा व्यायाम शिकवला. कपडे सैल करायचे, उताणं झोपायचं, गुडघे दुमडायचे, एक हात पोटावर ठेवायचा आणि श्वासाबरोबर पोट हळू उचलायचं, हळू खाली जाऊ द्यायचं. त्या व्यायामाला मुली तिच्याच नावाने ओळखू लागल्या. आपल्याकडे कॉर्सेट नव्हता हे खरं. पण परकराची नाडी करकचून आवळायची सवय आपल्याला आहेच. रात्री नाडी सोडल्यावर कंबरेवर वळ दिसत असेल, तर मोशरबाईंचं म्हणणं आपल्यालाही लागू आहे.

आता दुसरी गोष्ट. साल १८९५. मिसिसिपी नदीच्या काठी डेव्हनपोर्ट नावाचं गाव आहे. तिथे डॅनिअल डेव्हिड पामर नावाचा माणूस हाताने उपचार करायचा. त्याने आधी शाळेत शिकवलं होतं, मधमाश्या पाळल्या होत्या, किराणा विकला होता. त्याचं दुकान ज्या इमारतीत होतं तिथे हार्वी लिलार्ड हा कृष्णवर्णीय माणूस साफसफाईचं काम बघायचा. लिलार्डला सतरा वर्षं नीट ऐकू येत नव्हतं. वाकून काम करताना पाठीत काहीतरी निसटल्यासारखं झालं आणि तेव्हापासून ऐकू येणं कमी झालं, असं त्याचं म्हणणं. पामरने त्याच्या पाठीत एक मणका जागेवरून हललेला चाचपला आणि हाताने झटका देऊन बसवला. लिलार्डला ऐकू येऊ लागलं, असं पामरने सांगितलं. यातूनच एका नव्या उपचारपद्धतीचा जन्म झाला. पामरकडे उपचार घेणाऱ्या एका धर्मोपदेशकाने ग्रीक भाषेतून तिला नाव सुचवलं, कायरोप्रॅक्टिक. अर्थ अगदी साधा, हाताने केलेलं काम.

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. लिलार्डच्या मुलीने पुढे वेगळीच हकिकत सांगितली. तिच्या म्हणण्याप्रमाणे, आपले वडील इमारतीत कुणाला तरी विनोद सांगत होते, पामरला हसू आवरेना, आणि त्याने हातातलं पुस्तक त्यांच्या पाठीवर थापलं. नंतर काही दिवसांनी ऐकू येण्यात फरक वाटला. शिवाय ऐकण्याची शिर मेंदूतून थेट कानाकडे जाते, पाठीच्या मणक्यांतून जात नाही, हे शरीरशास्त्र तेव्हाही माहीत होतं. सगळ्या आजारांचं मूळ जागचे हललेले मणके, हा पामरचा सिद्धान्त आजवर कुणाला सिद्ध करता आलेला नाही. पण पाठदुखी घेऊन लोक त्याच्याकडे येत राहिले, आणि त्यांतल्या पुष्कळांना आराम वाटत राहिला. एकाच पद्धतीत न टिकणारा सिद्धान्त आणि थोडाफार खरा आराम, दोन्ही एकत्र नांदत होते. म्हणूनच तिच्यावरचा वाद इतका लांबला.

पामरने शाळा काढली, आणि तिचे दरवाजे सुरुवातीपासून बायकांना उघडे होते. त्या काळी अमेरिकेतल्या पुष्कळ वैद्यकीय महाविद्यालयांत बायकांना शिरकाव मिळणं अवघड होतं. त्यामुळे हा नवा मार्ग अनेकींनी धरला. या विषयावरचं १९०६ सालचं पहिलं पाठ्यपुस्तक तिघांनी मिळून लिहिलं. त्यांतली एक होती मिनोरा पॅक्सन. पामरची सून मेबल हिने १९०५ साली पदवी घेतली, पुढे अनेक वर्षं त्याच शाळेत शरीररचना शिकवली आणि १९१८ साली त्या विषयाचं पुस्तकही लिहिलं. कायद्याची मान्यता मात्र नव्हती. परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून खुद्द पामर १९०६ साली २३ दिवस तुरुंगात होता. त्याच्यामागून आणखी कितीतरी जण तुरुंगात गेले. १९१३ साली कॅन्ससमध्ये पहिला कायदा झाला. अमेरिकेच्या शेवटच्या राज्यात, लुइझियानात, कायदा व्हायला १९७४ उजाडलं.

या पद्धतीतला झटका तुम्ही मोबाइलवरच्या व्हिडिओंत पाहिला असेल. मान वळवतात, कट्‌ असा आवाज येतो, आणि बघणाऱ्याला वाटतं की मणका बसला. तो आवाज हाड बसल्याचा नसतो. सांध्यात वंगणासारखं द्रव असतं. सांधा एकदम ताणला गेला की त्यात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. २०१५ साली कॅनडातल्या संशोधकांनी बोटांचे सांधे ताणून एमआरआयने हे प्रत्यक्ष टिपलं. तेव्हा आवाज मोठा म्हणजे गुण मोठा, हे मनातून काढून टाकलेलं बरं.

पुष्कळांना या झटक्याची भीती वाटे, आणि भीतीने पाठ आणखी ताठे. ताठलेल्या स्नायूंवर झटका द्यायचा तर जास्तच जोर लावावा लागे. म्हणून या विद्येतच एक सौम्य शाखा फुटली. १९३०च्या दशकात ह्यू लोगन यांनी कण्याच्या पायथ्याशी अंगठ्याने अगदी हलका दाब धरून ठेवायची रीत शिकवली. १९६०च्या दशकात हाताऐवजी स्प्रिंगचं छोटं उपकरण आलं, त्याने मणक्याजवळ फक्त टिचकी बसते. १९८०च्या दशकात डोनल्ड एपस्टीन यांनी हलका स्पर्श आणि श्वास एकत्र आणले. मानेजवळ आणि माकडहाडाजवळ बोटं नुसती टेकवायची आणि श्वास पाठीत कुठवर पोचतो, कुठे अडतो, ते बघायचं.

या सौम्य रीतींत काय होतं ते थोडं उलगडून सांगतो. बाई पालथी किंवा कुशीवर झोपते. अंग दाबायची, मुरगळायची घाई नसते. हात पाठीवर ठेवायचा आणि थांबायचं. तिला विचारायचं, श्वास इथे जाणवतो का? खालच्या बरगड्यांत? कंबरेत? जिथे जाणवत नाही तिथे जोर लावायचा नाही, नुसता हात ठेवायचा. हाताच्या उबेने तिचं लक्ष तिथे जातं, लक्षाबरोबर श्वास जातो, आणि श्वासाबरोबर बरगड्या हलू लागतात. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. म्हणून सावकाश, लांब सोडलेल्या श्वासाने जीव शांत होतो आणि राखणीला उभे राहिलेले स्नायू सैल पडतात. यात जादू नाही. एपस्टीन यांच्यासारख्या रीतींबद्दल मोठमोठे दावे करणारे लोक आहेत. पण त्यांवरचा अभ्यास अजून तुटपुंजा आहे, हेही सांगायला हवं. हलका हात आणि मोकळा श्वास यांनी पाठीला सैलावा येतो, एवढं मात्र आपल्याला स्वतःच्या अंगावर पडताळता येतं.

ज्या काळात अमेरिकेत झटक्याचा बोलबाला होता, त्याच काळात जर्मनीत दोन बायका श्वासाकडून पाठीकडे पोचल्या होत्या. दोघींचा एकमेकींशी संबंध नव्हता. दोघीही डॉक्टर नव्हत्या. पण दोघींनी सुरुवात स्वतःच्या दुखण्यापासून केली.

पहिली, काटरिना श्रोट. जन्म १८९४, ड्रेस्डेन शहरातला. तिचा कणा लहानपणापासून बाजूला वाकलेला होता. सोळाव्या वर्षी तिला पोलादी पट्ट्यांचा सांगाडा अंगावर चढवावा लागला. एकदा तिने चेपलेला रबरी चेंडू पाहिला. त्याच्यात हवा भरली की चेपलेली जागा आतून फुगून वर येते. तिच्या मनात आलं, माझ्या पाठीची एक बाजू अशीच चेपलेली आहे, मग तिथे श्वास भरला तर? ती आरशांमध्ये उभी राहून आपली पाठ बघायला शिकली. श्वास चेपलेल्या बरगड्यांकडे वळवायचा आणि त्याच वेळी कणा लांब करायचा, असा सराव तिने चालवला. १९२१ साली माइसेन गावात तिने छोटं उपचारकेंद्र काढलं. वाकड्या पाठीच्या मुली तिथे येत. बागेत, मोकळ्या हवेत, एकमेकींच्या पाठी बघत सराव करत. कणा म्हणजे फक्त समोरून दिसणारी रेघ नाही, तो पिळलेलाही असतो, हे तिने हाताने आणि डोळ्याने ओळखलं होतं. डॉक्टरी शिक्षण नाही म्हणून तिला विरोध झाला, पण तिने काम सोडलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर ती मुलीला, क्रिस्टाला घेऊन पश्चिम जर्मनीत गेली आणि १९६१ साली दोघींनी सोबर्नहाइम गावात नव्याने केंद्र उभं केलं. आज किशोरवयातल्या मुलामुलींच्या वाकलेल्या कण्यासाठी अनेक देशांतले फिजिओथेरपिस्ट तिची पद्धत वापरतात.

दुसरी, एल्सा गिंडलर. जन्म १८८५, बर्लिनमधला. तरुणपणी तिला क्षय झाला. डॉक्टरांनी डोंगरातल्या महागड्या आरोग्यधामात जायला सांगितलं. तेवढे पैसे तिच्याकडे नव्हते. तिने स्वतःचा श्वास इतक्या बारकाईने न्याहाळला, की आजारी फुप्फुसाला विश्रांती देऊन चांगल्या फुप्फुसाने श्वास घेता येऊ लागला, आणि ती बरी झाली, असं तिच्या शिष्या सांगत. क्षय श्वासाने बरा होतो असा याचा अर्थ मुळीच घेऊ नका. आज क्षयाची गोळ्या-औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि ती पुरी करायलाच हवीत. तिच्या हकिकतीत महत्त्वाचं वेगळं आहे. ती हुकूम देऊन कवायत करून घेत नसे. ती विचारायची. उभी आहेस, वजन कुठल्या पायावर आहे? काम करताना श्वास धरून ठेवतेस का? कुठल्या कामात धरतेस? १९२६ साली तिने कामकरी माणसांच्या शरीरावर एक लेख लिहिला. दिवसभर राबणाऱ्या माणसाला वेगळ्या व्यायामाची सवड नसते, म्हणून कामातच शरीराकडे लक्ष द्यायला शिकायचं, असा त्याचा रोख होता. शेतात, चुलीपाशी, शिलाईयंत्रावर वाकणाऱ्या आपल्यासारख्यांना हे किती जवळचं वाटतं!

हिटलरच्या काळात गिंडलरने आपल्या ज्यू विद्यार्थ्यांची साथ सोडली नाही. युद्धाच्या शेवटी, १९४५ साली, बॉम्बहल्ल्यात तिची कामाची जागा आणि जन्मभराची टिपणं जळून गेली. तरीही तिचं काम टिकलं, कारण ते शिष्यांच्या अंगात उतरलं होतं. त्यांतली शार्लट सेल्वर १९३८ साली न्यूयॉर्कला गेली आणि २००३ साली, शंभरी ओलांडून, वारली. तिने अमेरिकेत हे शिकवलं, आणि हलक्या हाताने काम करणाऱ्या कितीतरी जणांनी तिच्याकडून श्वासाकडे लक्ष द्यायला शिकून घेतलं.

त्याच सुमारास आपल्या महाराष्ट्रातही श्वास आणि कणा यांचा अभ्यास चालला होता. मुंबईत वर्सोव्याला १९१८ साली योगेंद्रजींनी योग संस्था सुरू केली. लोणावळ्याला १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढलं. क्ष-किरणांनी आणि दाब मोजणाऱ्या यंत्रांनी आसन-प्राणायामात शरीरात काय घडतं ते तपासायचा प्रयत्न त्यांनी केला. योग गुहेतून प्रयोगशाळेत आला तो असा. आणि स्वयंपाकघरापर्यंत आणला तो सीतादेवी योगेंद्र यांनी. १९३४ साली त्यांनी खास स्त्रियांच्या योगाभ्यासावर पुस्तक लिहिलं. ज्या काळात बाईने व्यायाम करणं हेच नवल होतं, त्या काळात बाईने बायकांसाठी असं पुस्तक लिहिणं ही साधी गोष्ट नव्हती.

आता वादाचा शेवट काय झाला ते सांगतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने कायरोप्रॅक्टिकवाल्यांशी व्यवहार ठेवणं गैर ठरवलं होतं. १९७६ साली चेस्टर विल्क आणि त्यांच्या साथीदारांनी संघटनेवर खटला भरला. अकरा वर्षांनी, १९८७ साली, शिकागोच्या न्यायालयात निकाल लागला. निकाल देणाऱ्या न्यायाधीश एक बाई होत्या, सुझन गेट्झेनडॅनर. असा बहिष्कार कायद्याच्या विरुद्ध आहे, असं त्यांनी ठरवलं. पामरचा सिद्धान्त खरा आहे असं मात्र त्यांनी म्हटलं नाही. तो प्रश्न संशोधनाचा होता आणि संशोधनावरच सोपवला गेला.

संशोधन काय म्हणतं? २०२० साली जगात सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती, आणि त्यांत बायका जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दीर्घकाळच्या कंबरदुखीवर मार्गदर्शन दिलं. त्यात दुखण्याची नीट माहिती देणं, व्यायाम, मनाला आधार, आणि मालिश किंवा मणक्यांवरचे हाताचे उपचार, अशा गोष्टी आहेत. म्हणजे हाताला जागा आहे, पण सगळ्यांच्या जोडीने. एकटा हात पुरत नाही. आणि कंबर सोडून दमा, साखर, रक्तदाब मणका बसवून बरा करतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

म्हणून मैत्रिणींनो, पाठीला हात लावू देण्याआधी चार प्रश्न विचारायला संकोचू नका. तुम्ही काय शिकला आहात? आता काय करणार आहात, ते आधी सांगाल का? मी ‘थांबा’ म्हटलं की थांबाल का? माझ्याबरोबर दुसरी बाई खोलीत बसू शकते का? या प्रश्नांना जो चिडतो, त्याच्या हाती पाठ द्यायची नाही. मानेला जोराचा झटका कधीच घेऊ नका. क्वचित का होईना, त्यात मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते. पाळी गेलेल्या बायकांची हाडं ठिसूळ झालेली असू शकतात, त्यांना झटका धोक्याचा. पायातली शक्ती गेली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, मांड्यांच्या आतली जागा बधिर झाली, पडल्यानंतर दुखू लागलं, ताप आहे, वजन उतरतंय, रात्री झोप उडवणारं दुखणं आहे, यांतलं काहीही असेल तर ना हाडवैद्य, ना मालिश. थेट दवाखाना.

बाकी रोजच्या शिणलेल्या पाठीसाठी एक गोष्ट आपल्या हातात आहे. उताणं झोपा. नाडी सैल करा. गुडघे दुमडून तळवे जमिनीला टेकवा. एक हात पोटावर, दुसरा बरगडीच्या बाजूला. श्वास ओढायचा नाही, तो कुठे येतो तेवढं बघायचं. हात वर येतो का? कंबर जमिनीला किंचित टेकते का? आता श्वास सावकाश सोडा, तापलेल्या दुधावर फुंकर घालतो तसा. असे दहा श्वास. चक्कर आली किंवा घाबरल्यासारखं वाटलं तर सोडून द्या, नेहमीसारखा श्वास घ्या. गरोदर असाल तर कुशीवर झोपून करा. आणि दिवसभरात हंडा उचलताना, पिठाचा डबा खाली ठेवताना, खुरपणीला वाकताना एवढंच बघा, की मी श्वास धरून ठेवलाय का?

याने सगळं दुखणं जाईल असं आम्ही म्हणणार नाही. ओझं जास्त असेल तर ते कमीच व्हायला हवं, घरातल्या इतरांनी ते वाटून घ्यायला हवं. श्वास हा त्याला पर्याय नाही. पण साराबाईला वेडी म्हटलं गेलं, मोशरला निसर्गाचा नियम सांगितला गेला, श्रोटला शिक्षण नाही म्हणून अडवलं गेलं. तरी आपल्या अंगाला काय होतं हे आधी स्वतः बघायचं, हे या बायकांनी सोडलं नाही. आज रात्री पाठ टेकाल तेव्हा दहा श्वास तसे बघा, आणि उद्या आपल्या सासूबाईंना, जावेला, लेकीलाही सांगा.